सामाईक साधनसंपत्तीवर उभा राहणारा समाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जमीन, पाणी, ऊर्जा, यंत्रं, घरं कुणा एकाच्या मालकीची न ठेवता सगळ्यांची ठेवावीत आणि त्या पायावर समाजाची घडी नव्यानं बसवावी, हा विचार दर पिढीत पुन्हा डोकं वर काढतो. तो मांडणारी माणसं बहुधा मनापासून बोलत असतात आणि विरोध करणारीही. पण वाद लवकरच ‘स्वप्नाळू’ आणि ‘स्वार्थी’ अशा शिक्क्यांवर येतो, आणि योजनेतलं बरंवाईट तपासायचं राहून जातं. अशा चर्चांत हमखास येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांत माझं मत लपवलेलं नाही. सामाईक व्यवस्था चालू शकते यावर माझा विश्वास आहे, आणि म्हणूनच तिच्या नावानं येणाऱ्या प्रत्येक आराखड्याची कसून उलटतपासणी व्हावी असं मला वाटतं.

या सगळ्या कल्पना एकाच प्रकारच्या आहेत का?

नाहीत, आणि निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. एका टोकाला फक्त जमिनीपुरतं बोलणारी माणसं आहेत. अमेरिकेतल्या हेन्री जॉर्ज यांनी १८७९ मध्ये मांडलं की घर, दुकान, पीक ही माणसाच्या श्रमाची कमाई, ती त्याचीच राहू द्या. जमिनीचा भाव मात्र आजूबाजूच्या समाजामुळे वाढतो, म्हणून ती वाढ कराच्या रूपानं समाजाकडे परत यावी. बाजार तसाच, पैसा तसाच, फक्त जमिनीचं भाडं सगळ्यांचं.

दुसऱ्या टोकाला जॅक फ्रेस्को. १९१६ मध्ये जन्मलेल्या या अमेरिकन रचनाकारानं फ्लॉरिडात ‘व्हीनस प्रोजेक्ट’ उभा केला आणि २०१७ मध्ये निधन होईपर्यंत एकच गोष्ट लावून धरली: पैसा, कर्ज, मजुरी, देवाणघेवाण सगळंच काढून टाका, पृथ्वीवरच्या साधनांची मोजदाद करा आणि यंत्रांच्या मदतीनं गरजेप्रमाणे वाटप करा. या दोघांच्या मधे सहकारी कारखाने, सामुदायिक वसाहती, गावाची राखीव कुरणं, सार्वजनिक घरं, खनिजाच्या उत्पन्नातून नागरिकांना लाभांश देणारे निधी, अशी मोठी रांग आहे.

म्हणून ‘तुम्ही सामाईक मालकीच्या बाजूचे की विरोधातले?’ असं कुणी विचारलं तर घाईनं हो-नाही म्हणू नका. कशाची मालकी, किती जणांत, आणि तंटा झाला तर निवाडा कुणी करायचा, हे आधी विचारून घ्या.

जे सगळ्यांचं ते कुणाचंच नसतं. मग कुरण ओसाड होणारच ना?

गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञानं डिसेंबर १९६८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हेच लिहिलं. कुरण सगळ्यांना खुलं. प्रत्येक गुराखी आणखी एक जनावर सोडतो, कारण जनावराचा फायदा पूर्ण त्याचा आणि कुरणाच्या झिजेचा तोटा सगळ्यांत वाटलेला. शेवटी गवताची काडी उरत नाही. लेखाचा खरा विषय वाढती लोकसंख्या हा होता, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते कुरण. पुढे कित्येक वर्षं ‘एक तर खासगी करा, नाहीतर सरकारी करा’ म्हणणाऱ्यांनी हाच लेख पुढे केला.

अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी वेगळी वाट धरली. कुरणं, जंगलं, पाटाचं पाणी, मासेमारीच्या जागा खरोखर कोण कसं सांभाळतं, हे त्यांनी ठिकठिकाणच्या नोंदींतून तपासलं. १९९० मध्ये त्यांचं पुस्तक आलं. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यांनी दाखवलेल्या उदाहरणांतलं एक स्वित्झर्लंडमधल्या टॉर्बेल गावाचं आहे. तिथला १५१७ सालचा नियम असा: हिवाळ्यात आपल्या गोठ्यात जेवढ्या गाई पोसता येतात, त्याहून जास्त गाई उन्हाळ्यात डोंगरावरच्या सामाईक कुरणात पाठवायच्या नाहीत. हिवाळ्याचा चारा ज्याचा त्यानं आपल्या जमिनीत पिकवायचा. म्हणजे मोजमाप आपोआप होतं, आणि शेजाऱ्याच्या गोठ्यात किती गाई आहेत हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं, त्यामुळे लबाडीला वाव उरत नाही.

दुसरं उदाहरण मला याहूनही शिकण्यासारखं वाटतं. तुर्कस्तानातल्या अलान्या बंदरात मासेमारीच्या चांगल्या जागांवरून कोळ्यांत भांडणं पेटली होती. १९७० च्या दशकात तिथल्या सहकारी संस्थेनं तोडगे करून पाहायला सुरुवात केली आणि बऱ्याच चाचपडण्यानंतर एक पद्धत बसली. मासेमारीच्या सगळ्या जागांना नावं देऊन यादी केली, आणि एकाच्या जाळ्यामुळे दुसऱ्याचे मासे अडणार नाहीत इतकं अंतर दोन जागांत ठेवलं. दर सप्टेंबरला परवानाधारकांच्या नावानं चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याला जी जागा येईल तिथून सुरुवात करायची. जानेवारीपर्यंत रोज प्रत्येकानं एक जागा पूर्वेकडे सरकायचं, त्यानंतर पश्चिमेकडे. मासे किनाऱ्यालगत ज्या दिशेनं सरकतात त्याचा फायदा अशानं सगळ्यांना सारखाच मिळतो. आता समजा, आज एका भरघोस जागेची पाळी तुमची आहे आणि तिथे दुसराच कुणी घुसला. तुम्ही पहाटे तिथे हजर असणारच, कारण ती पाळी चुकवणं तुम्हाला परवडणारं नाही. पगारी राखणदाराची गरज पडत नाही. घुसखोराला बाकीचेही साथ देत नाहीत, कारण उद्या हीच वेळ त्यांच्यावर येऊ शकते.

पुढे हार्डिन यांनीही मान्य केलं की आपण वर्णन केलं ते नियम नसलेल्या कुरणाचं. ज्या सामाईक गोष्टीला हद्द आहे, पाळी आहे, लक्ष ठेवणारं कुणी आहे आणि नियम मोडणाऱ्याला आधी सौम्य, मग कडक दंड आहे, तिची गोष्ट वेगळी.

मग सगळं सरकारच्या ताब्यात दिलं तर?

मालक बदलला म्हणून कारभार सुधारत नाही. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरचा कॉड मासा कॅनडाच्या सरकारच्या देखरेखीखाली होता. किती मासे पकडायचे याचा कोटा तज्ज्ञांच्या अंदाजावरून ठरत होता. किनाऱ्यालगतचे छोटे कोळी ‘मासे लहान मिळू लागलेत, कमी मिळू लागलेत’ असं सांगत होते, पण निर्णयांत त्यांच्या म्हणण्याला फारसं वजन नव्हतं. जुलै १९९२ मध्ये मासेमारीच बंद करावी लागली आणि सुमारे ३० हजार माणसांचं काम गेलं. अरल समुद्राचंही तसंच. १९६० च्या सुमारास तो जगातला चौथ्या क्रमांकाचा मोठा जलाशय होता. सोव्हिएत नियोजनानं अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कापसाकडे वळवलं आणि समुद्राच्या तळाचं वाळवंट झालं. दोन्ही ठिकाणी मालकी सार्वजनिकच होती.

पैसा आणि किमती काढून टाकल्या तर कोणतं काम आधी करायचं हे कसं ठरणार?

जहाल आराखड्यांपुढचा हा सगळ्यात अवघड प्रश्न, आणि बरेचसे समर्थक त्याला चुकीचं उत्तर देतात. ‘माणूस लोभी राहणार नाही’ असं ते म्हणतात. पण प्रश्न लोभाचा नाहीच. सगळी माणसं साधुसंत असली तरी तो उरतो.

समजा, तांब्याचा साठा मर्यादित आहे. विजेच्या तारांना तांबं हवं, मोटारींना हवं, रुग्णालयातल्या उपकरणांना हवं, सौर पंपांना हवं. प्रत्येक मागणी रास्त आहे. कुठे तांब्याशिवाय अडेल आणि कुठे अ‍ॅल्युमिनियमवर भागेल, हे त्या त्या ठिकाणी काम करणाऱ्यालाच कळतं. तांबं महागलं की ज्याचं भागण्यासारखं आहे तो आपणहून बाजूला होतो. खाण कुठे बंद पडली, दुसऱ्या टोकाला कुणाला गरज लागली, यातलं काहीच त्याला माहीत असावं लागत नाही. अर्थशास्त्रज्ञ लुडविग फॉन मीझेस यांनी १९२० मध्ये सांगितलं की उत्पादनाच्या साधनांना किमती नसतील तर हिशेबच करता येणार नाही. दुसरे अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिश हायेक यांनी १९४५ मध्ये त्यात भर घातली: लागणारं ज्ञान लाखो लोकांत तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेलं असतं आणि त्यातलं बरंचसं आकड्यांत मांडून वर पाठवताच येत नाही.

या आक्षेपाला बगल देणारा आराखडा मी गंभीरपणे घेत नाही. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. किंमत फक्त खिशात पैसे असलेल्याचं ऐकते. उपाशी माणसाची गरज बाजारात नोंदली जात नाही आणि कारखान्याखालच्या नदीचं काय झालं हे मालाच्या भावात दिसत नाही. म्हणजे किंमत ही माहिती पोचवण्याचं साधन म्हणून उपयोगी आणि न्याय करण्याची पद्धत म्हणून तोकडी. पैसा नको म्हणणाऱ्यानं पहिल्या कामासाठी दुसरं काय आणलंय ते दाखवावं. बाजारच पुरे म्हणणाऱ्यानं दुसऱ्या कामाचं उत्तर द्यावं.

किमतीऐवजी ऊर्जा मोजायची कल्पनाही येऊन गेली आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत हॉवर्ड स्कॉट यांच्या टेक्नोक्रसी चळवळीनं सांगितलं की प्रत्येक वस्तूला किती ऊर्जा लागली तीच तिची किंमत, आणि प्रत्येक नागरिकाला ऊर्जेची सारखी प्रमाणपत्रं द्यावीत. ती साठवता येणार नाहीत, दुसऱ्याला देता येणार नाहीत. साठेबाजीला आणि सावकारीला यानं चांगला पायबंद बसतो. पण दोनशे वर्षांचं झाड तोडायला आणि लागवडीतलं वीस वर्षांचं तेवढंच झाड तोडायला ऊर्जा जवळपास सारखीच लागते. पहिलं परत मिळायला दोनशे वर्षं लागतील, हे त्या प्रमाणपत्रावर कुठेच उमटत नाही.

तेव्हा संगणक नव्हते. आता कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. अडचण संपली नाही का?

काही अंशी कमी झाली, संपली नाही. लिओनिद कांतोरोविच या सोव्हिएत गणितज्ञाकडे १९३० च्या दशकाच्या शेवटी प्लायवूड उद्योगाचा एक प्रश्न आला: कोणत्या यंत्रावर कोणतं लाकूड चढवलं तर जास्तीत जास्त माल निघेल? त्यातून त्यांनी १९३९ मध्ये गणिताची जी पद्धत मांडली ती आज जगभर वापरली जाते, आणि १९७५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. गंमत नव्हे, पण विचार करण्याजोगी गोष्ट ही की त्या गणितातून प्रत्येक साधनाला एक आकडा मिळतो: ते साधन थोडं जास्त असतं तर उत्पादन किती वाढलं असतं. ही एक प्रकारची किंमतच. पैसा दारातून बाहेर काढला तरी टंचाईचा आकडा गणितातून परत येतो.

चिलीमध्ये राष्ट्राध्यक्ष साल्व्हादोर आयेंदे यांच्या काळात, १९७१ ते १९७३, ब्रिटिश व्यवस्थापनतज्ज्ञ स्टॅफर्ड बीअर यांच्या मार्गदर्शनाखाली ‘सायबरसिन’ हा प्रकल्प चालला. सरकारी कारखान्यांतून टेलेक्सनं (तारेवरून टंकलिखित मजकूर पाठवणाऱ्या यंत्रानं) रोजचे आकडे राजधानीत येत आणि एका संगणकावर तपासले जात. ऑक्टोबर १९७२ मध्ये ट्रकमालकांनी संप केला, तेव्हा हेच टेलेक्सचं जाळं कामी आलं: कुठला रस्ता मोकळा, कुठे ट्रक उपलब्ध, कुठे माल अडलाय हे तासाभरात कळू लागलं. सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर प्रकल्प संपला, त्यामुळे तो पुढे कसा चालला असता यावर ठाम बोलणं बरोबर नाही. मला त्यातून एवढंच दिसतं की उपयोग झाला तो संगणकाच्या हुशारीपेक्षा माणसांच्या झटपट बोलण्याचा.

शिवाय यंत्राला आकडे देणार कोण? कारखान्याचं पुढच्या वर्षाचं लक्ष्य यंदाच्या क्षमतेवरून ठरत असेल तर व्यवस्थापक क्षमता कमी सांगणार आणि कच्चा माल जास्त मागणार. सोव्हिएत कारखान्यांत हे सर्रास होत होतं. चुकीच्या आकड्यांवर वेगवान यंत्र फक्त लवकर चुकतं. आणि पूरनियंत्रण आधी की शाळा आधी, हा हिशेबाचा प्रश्न नाहीच. तो माणसांनीच बसून सोडवायचा.

सगळं मुबलक झालं तर भांडायला कारणच उरणार नाही, बरोबर?

काही गोष्टींत खरोखर तसं झालंय. सगळ्यांना फुकट वापरता येणारी संगणकप्रणाली लिनक्स १९९१ मध्ये आली, विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये. तुम्ही एखादा लेख वाचला म्हणून माझ्यासाठी तो कमी होत नाही. अशा गोष्टी सामाईक ठेवाव्यात याविषयी माझ्या मनात शंका नाही. (भांडणं तिथेही होतात, पण ती मजकुरावरून आणि अधिकारावरून.)

पाणी, मोक्याची जमीन, शल्यचिकित्सकाचा वेळ, समुद्रकिनाऱ्याला लागून असलेलं घर यांचं तसं नाही. यंत्रं कितीही सुधारली तरी नदीकाठच्या जागा नदीच्या लांबीएवढ्याच. मुबलकतेचं आश्वासन देणाऱ्या आराखड्यांत नेमकं हेच पान कोरं असतं.

म्हणून कुठलाही आराखडा हाती आला की मी आधी टंचाईचं पान शोधते. पाऊस निम्मा पडला तर कुणाचं पाणी आधी तोडणार? हे कुणी, कुठे, कुणासमोर ठरवणार? स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात हा प्रश्न शतकानुशतकं उघड्यावर सुटतोय. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दारात पाणीवाटपाचं न्यायमंडळ बसतं. मंडळावर पाटांचे शेतकऱ्यांनीच निवडलेले प्रतिनिधी असतात. कुणी पाळी मोडली, कुणी पाट तुंबवला, यावर तिथेच तोंडी बोलणं होतं, वकील नाही, आणि तिथेच निकाल लागतो. २००९ मध्ये युनेस्कोनं या परंपरेची नोंद मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. उज्ज्वल भविष्याच्या शेकडो चित्रांपेक्षा हा गुरुवार मला जास्त आश्वासक वाटतो.

कामचुकारांचं काय करायचं?

इस्रायलमधल्या किबुत्झांइतकं (सामुदायिक वसाहतींइतकं) या प्रश्नाचं दीर्घ उत्तर क्वचितच कुणी जगून दाखवलं असेल. पहिला किबुत्झ, देगानिया, १९१० चा. मालमत्ता सगळ्यांची, जेवण एकत्र, मोबदला कामावर नाही तर गरजेवर. बहुतेक ठिकाणी मुलंही बालगृहात एकत्र वाढत. लहान वस्ती, एकमेकांची ओळख आणि समान ध्येय यांमुळे काम टाळणारे फारसे निघाले नाहीत, कारण सगळ्यांच्या नजरेतून उतरणं हा पगारकपातीपेक्षा मोठा दंड होता. खरी अडचण दुसरीकडून आली. ज्याला बाहेर जास्त कमाई मिळू शकते असा कुशल माणूस निघून जाऊ लागला. १९८० च्या दशकातल्या आर्थिक संकटात कर्जं डोईजड झाली आणि पुढच्या वर्षांत बहुसंख्य किबुत्झांनी कामानुसार वेगवेगळा पगार स्वीकारला. बालगृहं त्याआधीच बंद होत चालली होती. आई-वडिलांना मुलं रात्री आपल्याजवळ हवी होती.

याला अपयश म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. तीन-चार पिढ्या माणसं स्वेच्छेनं असं जगली, नको झालं तेव्हा मतदान करून नियम बदलले, आणि कुणाचा जीव गेला नाही.

इतिहासात असे सगळेच प्रयोग फसले, हे खरं ना?

काही लवकर फसले, काही टिकले, काही भयंकर ठरले. या तिघांना एकाच माळेत ओवू नये.

लवकर फसलेल्यांत ब्रिटिश कारखानदार रॉबर्ट ओवेन यांचं न्यू हार्मनी. १८२५ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानात त्यांनी आख्खं गाव विकत घेतलं आणि येईल त्याला आत घेतलं. विचारवंत भरपूर जमले, शेती आणि कारागिरी जाणणारे कमी. वसाहतीची घटना पुन्हा पुन्हा बदलली आणि १८२७ पर्यंत सामुदायिक मालकीचा प्रयोग संपला. टिकलेल्यांत स्पेनच्या बास्क प्रदेशातलं मोंद्रागोन. होसे मारिया अरिस्मेंदिअर्रिएता या पाद्र्यानं १९४३ मध्ये तंत्रशाळा काढली, आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी १९५६ मध्ये पहिला सहकारी कारखाना उभा केला. एका सभासदाला एक मत, आणि वरच्या-खालच्या पगारात ठरलेली मर्यादा. २०१३ मध्ये त्यांतली घरगुती उपकरणं बनवणारी फागोर ही मोठी संस्था बुडाली, तेव्हा तिथल्या बऱ्याच सभासदांना इतर सहकारी संस्थांनी सामावून घेतलं. टिकण्याची खूण मला त्यात दिसते. एक भाग कोसळला तरी बाकीचे उभे राहिले.

आणि चीनमधली लोककम्यून, म्हणजे कित्येक गावं एकत्र करून चालवलेली सामुदायिक शेती-वस्ती. १९५८ मध्ये सुरुवात झाली आणि काही महिन्यांत जवळपास सगळा ग्रामीण भाग त्यांत ओढला गेला. घरच्या चुली बंद, सार्वजनिक खानावळीत फुकट जेवण. वरिष्ठांना खूश करायला खालच्या अधिकाऱ्यांनी धान्याचे फुगवलेले आकडे कळवले, त्या आकड्यांवर सरकारनं धान्य उचललं, आणि गावांत खायला उरलं नाही. मृतांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. १९७८ मध्ये आन्हुइ प्रांतातल्या श्याओगांग गावात १८ कुटुंबांनी चोरून करार केला: शेत ज्यानं त्यानं कसायचं, सरकारचा वाटा देऊन उरलेलं धान्य ज्याचं त्याचं, आणि पुढारी तुरुंगात गेले तर त्यांची मुलं बाकीच्यांनी सांभाळायची. कागदावर अंगठे उमटवले. पुढे तीच पद्धत देशभर गेली. एक बारकावा मात्र सुटू नये: जमिनीची मालकी सामुदायिकच राहिली, आजही आहे. बदलला तो कसण्याचा आणि पिकाचा हक्क.

न्यू हार्मनीत राहणारा माणूस सामान बांधून निघू शकत होता, आणि निघालाही. कम्यूनमधल्या शेतकऱ्याला ती मुभा नव्हती आणि ‘आकडा खोटा आहे’ म्हणण्याचीही नव्हती. कोणत्याही आराखड्यात बाहेर पडण्याची वाट आणि चूक बोलून दाखवण्याची सोय नसेल, तर बाकी कितीही सुंदर असला तरी मी त्याच्या विरोधात उभी राहीन.

बदल माणसाच्या मनातून यावा की कायद्यातून?

विनोबा भावे यांनी मनातून सुरुवात केली. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर जमीन देऊ केली आणि भूदान सुरू झालं. उद्दिष्ट पाच कोटी एकरांचं होतं. मिळाली ती चाळीस लाखांहून अधिक. जगात कुठेही केवळ विनंतीवर इतकी जमीन कुणी दिलेली नाही असं मला वाटतं. पण तिच्यातली बरीच जमीन नापीक निघाली, बरीच वादात अडकली, बरीच वाटलीच गेली नाही. दान देण्याचा क्षण भव्य होता. त्यामागून मोजणी, सातबारा, बियाणं, पाणी यांची फौज तितक्या ताकदीनं आली नाही.

त्याउलट १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेली पाणीपंचायत पाहा. तिथे नियमच निराळा धरला: पाणी जमिनीच्या आकारावर नाही, माणशी मिळेल, एका माणसामागे अर्धा एकर भिजेल इतकं. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. उसाला पाणी नाही. हा नियम जहाल आहे, पण त्याला कुणाची जमीन काढून घ्यावी लागली नाही आणि कुणाचं हृदयपरिवर्तन होण्याची वाटही पाहावी लागली नाही.

मालकीला हात न लावता नुसतं उत्पन्न वाटलं तर?

हा मवाळ मार्ग, आणि चालतो. अलास्कानं १९७६ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून तेलाच्या उत्पन्नाचा एक भाग कायमच्या निधीत टाकायला सुरुवात केली आणि १९८२ पासून प्रत्येक रहिवाशाला, लहान मुलांसकट, दरवर्षी लाभांश मिळतो. नॉर्वेनं १९९० मध्ये कायदा करून निधी काढला. तिथे पैसा थेट वाटत नाहीत; निधीच्या अपेक्षित परताव्याएवढीच रक्कम अर्थसंकल्पात वापरायची असा दंडक आहे, जेणेकरून पुढच्या पिढ्यांचा वाटा शाबूत राहावा. मर्यादा उघड आहे. दोन्ही निधी जमिनीतलं तेल काढूनच भरले. खाणीवर काय करायचं हे ठरवण्याचा अधिकार लाभांश देत नाही.

सामाईक व्यवस्था म्हणजे जुन्या गावगाड्याकडे परत जाणं तर नाही?

ही भीती रास्त आहे. टॉर्बेलचंच घ्या: १४८३ च्या दस्तानुसार बाहेरच्यानं गावात जमीन विकत घेतली तरी त्याला कुरणात हक्क मिळत नव्हता. कुरण वाचलं ते काही अंशी दार बंद ठेवल्यामुळे. जगभरातल्या कित्येक सामाईक व्यवस्थांत बायकांना सभेत जागा नव्हती, भूमिहीनांना वाटा नव्हता, खालच्या समजल्या गेलेल्यांना पाणवठ्यावर हात लावायची बंदी होती. ‘आपल्या सगळ्यांचं’ म्हणताना आपल्यात कोण धरलं नाही, हे पाहिल्याशिवाय जुन्या व्यवस्थांचं कौतुक करू नये. सामाईकपणा मोडल्यावर हाल झाले तेही आधी याच लोकांचे, हेही विसरू नये. इंग्लंडमध्ये १६०४ ते १९१४ या काळात पाच हजारांहून अधिक कायद्यांनी सुमारे ६८ लाख एकर मोकळी आणि सामाईक जमीन कुंपणाआड गेली. एखादी गाय चारून, सरपण गोळा करून ज्यांचं भागत होतं त्यांच्याकडे दाखवायला कागद नव्हता.

गावाचं ठीक, पण साऱ्या पृथ्वीचं काय?

वातावरणाला कुंपण घालता येत नाही, म्हणून हे अशक्य, असं म्हणतात. ओझोनच्या बाबतीत ते खोटं ठरलं. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानं ओझोनचा थर पातळ करणारी रसायनं टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरलं. संयुक्त राष्ट्रांतल्या प्रत्येक देशानं तो मान्य केला, गरीब देशांना जास्त मुदत आणि बदलासाठी निधी मिळाला, आणि थर सावरू लागला आहे. कार्बनची गोष्ट कित्येक पटींनी अवघड आहे, कारण ती रसायनं मोजक्या कंपन्या बनवत होत्या आणि त्यांना पर्याय तयार होते. जीवाश्म इंधन मात्र प्रत्येक चुलीपर्यंत पोचलेलं आहे. तरी करारातला एक भाग उचलण्याजोगा आहे: ठरावीक काळानं बसून, नव्या माहितीवर नियम कडक करत नेण्याची सोय त्यात पहिल्यापासून होती.

आमच्या गटाला छोटा प्रयोग करायचा आहे. कामाला लागण्याआधी काय लिहून ठेवावं?

ध्येयधोरण नंतर लिहिलं तरी चालेल. आधी हे लिहा की एखादा सभासद बाहेर पडला तर त्याला काय परत मिळेल आणि किती दिवसांत. बहुतेक गट इथेच फुटतात, कारण ते निघायच्या वेळी ठरवायला बसतात. मग सामाईक वस्तूंची यादी करा आणि प्रत्येकीपुढे ती अपुरी पडली तर पाळी कशी लागेल ते नोंदवा. हिशेबाची वही कुणालाही, कधीही, कारण न सांगता पाहता आली पाहिजे. दंड लहान ठेवा, पहिल्या चुकीला समज पुरे, पण ठरलेला दंड कुणालाही माफ करू नका, संस्थापकाला तर मुळीच नाही. आणि सगळे नियम पुन्हा मतदानाला टाकण्याची तारीख आजच घाला. एक वर्षानंतरची चालेल.